काळ्या मातीची पिकअप थरच्या रेतीत: वरूडकडच्या एका गाडीची पूर्ण हकिगत

गाडी २०१७ सालची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, पाच गिअर, फोर-बाय-फोर. मालक वरूड तालुक्यातले संत्रा बागायतदार. गाडी त्यांनी सेकंड हँड घेतली, आणि आधीच्या मालकाला हौस असल्यामुळे ती आली तीच सजून: पुढे जाड लोखंडी बंपर, त्यात विंच (दोर गुंडाळत गाडी ओढून काढणारं यंत्र), छतावर कॅरियर, कॅरियरवर लाइटबार, दोन इंच उचललेलं सस्पेन्शन आणि खोल गट्टूंचे मड-टेरेन टायर. शेतात आल्यावर त्यात आणखी एक भर पडली. संत्र्याचे कॅरेट भरले की मागचा भाग बसायचा, म्हणून मागच्या कमानीत, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक जादा पाटा टाकून घेतला होता.

आमच्या गॅरेजकडे मालकांची मागणी अशी होती की जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात ही गाडी घेऊन थरच्या वाळवंटात जायचं. आंबिया बहाराचा माल डिसेंबरपर्यंत उतरतो, मृगाची तोडणी फेब्रुवारीत लागते. मधे तेवढीच उसंत. सोबतीला चुलतभावाची जुनी मारुती जिप्सी. जायला जवळपास तेराशे किलोमीटर, यायला तेवढेच, आणि परत आल्यावर गाडीला लगेच फवारणीची टाकी आणि शेणखत वाहायचं काम. ही शेवटची अट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. गाडीतलं काहीही कापायचं नाही, आणि परतल्यावर ती दुसऱ्याच दिवशी बांधावर उभी राहिली पाहिजे.

मालक गॅरेजात आले तेव्हा त्यांना फक्त दोन गोष्टी वाढवून हव्या होत्या, स्नॉर्केल (इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणारा पाइप) आणि मोठे टायर. बाकी गाडी तयारच आहे असा त्यांचा पक्का समज होता. "भाऊ, ही गाडी चिखलात कधी फसली नाही. मंग रेतीत काहून फसन?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर तोंडी देऊन पटलं नसतं, म्हणून आम्ही आधी गाडी तोलली, मग रेतीत घातली, आणि त्यानंतरच पान्याला हात लावला.

माती आणि रेती

आपल्याकडची काळी माती बेसॉल्टच्या दगडापासून झालेली चिकणमाती आहे. पाणी प्याली की फुगते, चाकाला चिकटते, आणि गट्टूंच्या मधल्या फटी भरल्या की टायर गुळगुळीत होतो. मड-टेरेन टायर इथेच कामाला येतो. त्याच्या फटी रुंद असतात, चाक फिरवलं की माती फेकली जाते आणि गट्टू पुन्हा उघडे पडतात. शिवाय बहुतेक पांदण रस्त्यांवर चिखलाच्या खाली मुरूम किंवा कडक थर असतो. चाक चिखल कापत तिथवर पोचलं की पकड मिळते. म्हणून चिखलात अरुंद, धारदार, जोरात फिरणारं चाक चालतं, आणि गाडीचं वजनही थोडंफार मदतच करतं.

वाळवंटात खाली मुरूम नाही. वाऱ्याने वाहून आणलेले कण बारीक, गोलसर आणि जवळजवळ एकाच मापाचे असतात, ते एकमेकांत अडकत नाहीत. चाकाने खोदलं तर खाली आणखी रेती, तिच्याखाली आणखी रेती. तिथे चाकाने वरच राहायला हवं. जो टायर चिखलात मातीला चावतो तोच रेतीत फावड्याचं काम करतो: एक्सलेटर दाबला की गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली जाते. म्हणजे या गाडीची शेतातली प्रत्येक जमेची बाजू रेतीत खर्चाच्या बाजूला पडत होती, आणि हे मालकांना डोळ्यांनी दिसणं गरजेचं होतं.

नदीपात्रात गाडी घालायची नव्हती. तो रेतीघाटांचा आणि परवानग्यांचा मामला. पण मालकांच्या नातलगाचं वर्धा नदीकाठी एक शेत आहे, पुराने खरडून गेलेलं, अजूनही त्याच्या एका कोपऱ्यात गुडघाभर रेती पसरलेली आहे. नदीची रेती थरच्या रेतीपेक्षा भरड, कण टोकेरी, म्हणजे सोपी. जी गाडी इथे अडकेल ती तिकडे नक्की अडकणार.

गाडी अडकली. टायरमध्ये ३८ पीएसआय (चौरस इंचाला पाउंड, हवेच्या दाबाचं माप) हवा होती, कारण पंपावरचा पोरगा माल वाहणाऱ्या गाडीत तेवढीच भरतो. पुढची चाकं रेतीत शिरली, मालकांनी सवयीने एक्सलेटर दाबला, आणि चारही चाकांनी आपापली भोकं खणली. गाडीची लांबी सव्वापाच मीटरच्या वर. तेवढंही अंतर ती कापू शकली नाही. मागचा डिफरन्शिअल, म्हणजे एक्सलच्या मधला गिअरचा गोळा, रेतीवर टेकला. फावड्याने रेती काढून चारही टायर १८ पीएसआयवर आणले, दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडायला सांगितला, आणि गाडी त्याच जागेवरून चाक न फिरवता बाहेर आली. तेच टायर, तेच वजन, तोच ड्रायव्हर. मालक गाडीतून उतरून टायरच्या बाहेर आलेल्या पोटाकडे वाकून बघत राहिले. स्नॉर्केलचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही.

हवेचा हिशेब

ढोबळ हिशेब सोपा आहे. टायर जमिनीवर जेवढा दाब देतो तो साधारण त्याच्यातल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. माणसं आणि सामानासकट गाडी अडीच टन धरली आणि चारही चाकांवर सारखा भार मानला तर एका चाकावर सव्वासहाशे किलो. ३६ पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला अडीच किलोच्या आसपास. तेवढ्या हवेत प्रत्येक टायरला जमिनीवर साधारण २५० चौरस सेंटिमीटर जागा लागते. १८ पीएसआय केलं की ५००. भार तोच, जागा दुप्पट. ही जागा रुंदीत फारशी वाढत नाही, लांबीत वाढते. टायर पुढे-मागे पसरतो आणि रेतीवर पट्ट्यासारखा चालतो. नुसता रुंद टायर लावून एवढा फायदा कधीच मिळत नाही. म्हणून मोठ्या टायरवर पैसे घालण्याआधी चांगला गेज आणि चांगला कॉम्प्रेसर घ्यावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

हवा कमी करण्याची किंमतही आहे. १५ ते १८ पीएसआयवर वेग ताशी तीस-चाळीसच्या आत ठेवायचा, कारण टायरची भिंत सारखी वाकते आणि तापते. १२ च्या खाली गेलं आणि वळण झटक्यात घेतलं तर टायरची कड रिमवरून सुटू शकते. सकाळच्या थंडीत मोजलेली हवा दुपारी तीन-चार पीएसआयने वाढलेली दिसते, म्हणून दुपारी पुन्हा मोजायची. आणि डांबरी रस्ता लागला की आधी हवा भरायची, मग निघायचं. कंटाळा येतो, चारही चाकांना बराच वेळ लागतो, पण मऊ टायरने हायवेवर ऐंशीने जाणं म्हणजे टायर फोडायला निघणं.

या गाडीचे मूळ रिम सोळा इंची होते ही जमेची बाजू. कंपनीच्या २४५/७० आर १६ मापात टायरची भिंत १७० मिलिमीटरच्या वर भरते. हवा काढल्यावर पसरायला वाव राहतो. नंतरच्या मॉडेलांत अठरा इंची रिमवर २५५/६० माप आलं, त्यात भिंत दीडशेच्या घरात उतरते. दिसायला चाक भरदार, पण रेतीसाठी जुनं माप सरस. आम्ही मड टायर उतरवले आणि कंपनीच्याच मापाचे ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही वाटांना चालणारे टायर बसवले. सगळ्या कामात जास्तीत जास्त पैसा इथेच गेला.

धर्मकाट्यावर

वजनाची गोष्ट मात्र काट्यावरच पटते. संत्र्याच्या गाड्या जिथे तोलल्या जातात त्याच धर्मकाट्यावर ही गाडी नेली. आधी पूर्ण, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. परत येऊन बंपर, विंच आणि त्याची चौकट उतरवली आणि तीही तोलली. तिघं मिळून सव्वाशे किलोच्या आसपास भरलं, आणि हे सगळं वजन पुढच्या एक्सलच्याही पुढे लटकलेलं. छतावरचं कॅरियर आणि लाइटबार वेगळे.

रेतीत गाडीचं नाक आधी रुततं. पुढची चाकं वाट पाडतात, मागची त्याच वाटेने येतात. म्हणून पुढे वाढवलेला प्रत्येक किलो दुप्पट महाग पडतो. शिवाय विंचचा तिथे उपयोगही थोडा. विंचला बांधायला झाड लागतं. आपल्या बांधावर बाभूळ, लिंब, पळस काहीतरी असतंच. वाळवंटात टेकाडावर अडकलात तर स्टेपनी खड्ड्यात पुरून तिला दोर बांधावा लागतो, आणि ते करण्याआधी फावड्याने गाडी निघालेली असते.

वजन काढून वाळवंट पार करण्याची रीत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने इजिप्तमध्ये लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. त्यांचे अनेक शेव्हरोले ट्रक फक्त मागच्या चाकांवर चालणारे होते. त्यांनी दारं काढली, टप काढले, काचा काढल्या, टायरची हवा उतरवली, चाकाखाली घालायला लोखंडी पट्ट्या बाळगल्या, आणि लिबियाच्या वाळवंटात शेकडो मैल आत जाऊन आले. रेडिएटरमधून उकळून बाहेर पडणारी वाफ नळीने एका डब्यात सोडून तिचं पुन्हा पाणी करण्याची त्यांची युक्ती तर मला फार आवडते. आज आपल्या हातात फोर-बाय-फोर आहे, टर्बो आहे, पण रेतीने आपले नियम बदललेले नाहीत. आपल्याच थरमध्ये, डिसेंबर १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईत, पाकिस्तानचे रणगाडे रेतीत रुतले होते. पट्ट्यांवर चालणारं वाहनही तिथे रुतू शकतं.

बंपर काढायला दुसरं तितकंच वजनदार कारण होतं, कायद्याचं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे क्रॅश गार्ड आणि बुल बार लावणं मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चं उल्लंघन असल्याचं राज्यांना कळवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला: नोंदणी पुस्तकात कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान अशी तीन राज्यं ओलांडणाऱ्या गाडीला हे टाळता येत नाही. त्याहून मोठी भीती विम्याची. अपघात झाला आणि सर्वेअरने गाडीवर न कळवलेला बदल नोंदवला की दाव्यात अडचण उभी राहते. मालकांना दंडाचं फारसं वाटलं नाही, विम्याचं मात्र लगेच पटलं.

दोन इंचांचं लिफ्टही उतरवलं. गाडी उचलायला पुढे टाकलेल्या स्पेसरमुळे एक्सलच्या सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा) कोन वाढला होता आणि एका बाजूचं रबर बूट तडकायला लागलं होतं. टेकाडाच्या उतारावर उंच गाडी उलटायला सोपी. कंपनीचा सव्वादोनशे मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स रेतीला पुरतो, कारण तिथे दगड चुकवायचे नसतात.

कमानीचा जादा पाटा

या पाट्यावर आमची आणि मालकांची सगळ्यात जास्त ओढाताण झाली. तो त्यांनी स्वतः टाकून घेतला होता आणि त्यांच्या दृष्टीने कामाचा होता. पण रिकाम्या गाडीत जादा पाटा मागचा भाग लाकडासारखा ताठ करतो. खडबडीत रेतीवर मागची चाकं उडतात. उडालेलं चाक हवेत फिरतं, खाली आल्यावर खोदतं. गाडीला मागचा डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ) नसल्यामुळे एक चाक उचललं की ताकद त्याच चाकातून वाया जाते. चारही चाकं जमिनीला लागून ठेवणं हाच या गाडीचा डिफ लॉक.

कमानवाल्याकडे नेऊन जादा पाटा काढला, मूळ पाटे मोकळे करून साफ केले, झिजलेले बुश बदलले, यू-बोल्ट नवे घातले. यू-बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरू नयेत, हे बरेच जण पाळत नाहीत. मग मालकांनी विचारलं ते बरोबरच होतं: फेब्रुवारीत कॅरेट कशावर न्यायचे? त्याचं उत्तर असं निघालं की जास्तीचा माल छोटा हत्ती भाड्याने घेऊन न्यायचा, आणि या गाडीत पुस्तकात लिहिलाय तेवढाच भार टाकायचा. मागची बेअरिंग आणि ब्रेक लवकर का जातात हा त्यांचा जुना प्रश्नही त्यातूनच सुटला.

धुळीचा माग

स्नॉर्केल का नको, हे सांगतो. आमच्याकडे तो बसवायला फेंडर कापावा लागतो, आणि गाडीला काहीही कापायचं नाही हे ठरलेलं होतं. पण त्याहून मोठी गोष्ट एअर फिल्टरचा डबा उघडल्यावर दिसली.

फिल्टर काढला, आणि फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे टर्बोकडे जाणाऱ्या स्वच्छ पाइपात पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिरवलं. फडक्यावर तपकिरी पट्टा उमटला. बारीक, पिठासारखी धूळ. फिल्टर बाहेरून नवा दिसत होता, पण हलक्या प्रतीचा, त्याची रबरी कड डब्याला नीट बसत नव्हती, आणि डब्याची एक क्लिप तुटलेली होती. तिच्या जागी तार गुंडाळली होती. सोयाबीनच्या मळणीत, मशीनच्या बाजूला तासन्‌तास चालू ठेवलेली गाडी त्या फटीतून धूळ ओढत आली होती. टर्बोच्या पंख्याची पाती हाताने तपासली, धार अजून शाबूत होती, खेळही मर्यादेत. थरची धूळ त्याच फटीतून गेली असती तर शाबूत राहिली नसती.

अशा गाडीला स्नॉर्केल लावला असता तरी धूळ त्या फटीतूनच आत गेली असती. कंपनीचा फिल्टर घातला, डब्याचं झाकण क्लिपांसकट बदललं, फिल्टरच्या कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवला, पाइपाचे सगळे क्लॅम्प आवळले. सोबत एक जादा फिल्टर. रोज संध्याकाळी फिल्टर काढून झटकायचा, आणि पुढच्या गाडीच्या धुळीत चिकटून चालायचं नाही. फिल्टर कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने आतून-बाहेरून मारायचा नाही. कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात.

रेडिएटर काढला तेव्हा त्याच्या आणि एसी कंडेन्सरच्या मधल्या बोटभर जागेत कापसाचा लोट, सोयाबीनचा भुसा आणि किडे यांची गादीच जमलेली होती. वैदर्भी गाडीचं हे नेहमीचं दुखणं आहे. ४५ अंशांच्या उन्हात ती तापत नाही असं नाही, रस्त्यावरच्या वाऱ्याने वाचते एवढंच. रेतीत गाडी हळू चालते आणि इंजिन जोरात, म्हणजे वारा नाही आणि उष्णता दुप्पट. जाळ्या इंजिनाच्या बाजूने बाहेर हवा मारून साफ केल्या, पाण्याचा जोरदार फवारा मारला नाही, कारण पातळ पट्ट्या वाकतात. बंपर गेल्यामुळे वाऱ्याची वाटही मोकळी झाली. व्हिस्कस फॅन (गरम झाल्यावर इंजिनाशी घट्ट जोडला जाणारा रेडिएटरचा पंखा) इंजिन गरम असताना बंद करून हाताने फिरवून पाहिला. जड फिरला, म्हणजे ठीक होता.

लाइटबारची वायर बॅटरीवरून थेट, फ्यूज नाही, रिले नाही. ती तशीच सगळी उपटून टाकली.

ओढायचं कशाने

आपल्याकडे गाडी अडकली की ट्रॅक्टर येतो, साखळी लागते, झटका बसतो, गाडी निघते. ही सवय वाळवंटात जीवघेणी ठरू शकते. साखळी ताणत नाही. तुटली की लोखंड काच फोडून आत येतं. बरोबर घेतला तो नायलॉनचा ताणणारा दोर. तो रबरासारखा लांबतो आणि झटका न देता खेचतो. दोर ताणला असताना जवळपास कोणी उभं राहायचं नाही, आणि दोराच्या मधोमध ओलं पोतं टाकायचं, म्हणजे तुटलाच तर उडत नाही.

दोर अडकवायचा कुठे, हा त्याहून मोठा प्रश्न. बंपर गेल्यावर पुढे फक्त कंपनीची छोटी कडी उरली, ती सरळ ओढण्यासाठी असते, झटक्यासाठी नाही. आम्ही दोन्ही बाजूंच्या चासीला आधीच असलेल्या भोकांतून जाड पत्र्याच्या प्लेटा हाय-टेन्साइल बोल्टांनी आवळल्या. चासीवर वेल्डिंग केलं नाही. तापलेल्या जागी लोखंडाचा ताव जातो आणि पुढे तिथूनच चीर पडते. परत आल्यावर बोल्ट काढले की गाडी जशी होती तशी.

एक अडचण मात्र सुटत नव्हती. सोबतची जिप्सी एक टनाच्या आसपासची. रेतीत ती हरणासारखी पळते, आणि का पळते ते आता सगळ्यांना कळलं होतं. पण अडीच टनांची पिकअप ती ओढणार कशी? म्हणून मुख्य भिस्त ठेवली ती लांब दांड्याची दोन फावडी, चाकाखाली घालायच्या चार ट्रॅक्शन पट्ट्या, आणि बॅटरीला चिमट्याने थेट जोडायचा कॉम्प्रेसर यांच्यावर. लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे पंप एवढ्या मोठ्या टायरना पुरत नाहीत, फ्यूज उडतो. सामान डाल्यात, जड ते खाली आणि केबिनला चिकटून: पाणी, डिझेलचा कॅन, हत्यारं. डाल्यात माणूस बसवायचा नाही, हे निघण्याआधीच ठरवून घेतलं होतं.

थरमध्ये

मी सोबत गेलो होतो. जैसलमेरपासून पुढे एका स्थानिक जीपचालकाला घेतलं. ते मला अटळ वाटतं. डेझर्ट नॅशनल पार्क १९८० पासून संरक्षित आहे, तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं, आणि ते माळढोकाचं उरलंसुरलं घर आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे माळढोक दिसायचे, ते आपण जवळपास गमावले. तिथे जाऊन त्यांच्या माळावर गाडी फिरवणं मला पटत नाही. सीमेलगतच्या भागाला वेगळी परवानगी लागते, पोखरणच्या फायरिंग रेंजमध्ये पाऊल टाकायचं नाही. कुठला टेकडा चालतो आणि कुठला नाही, हे नकाशापेक्षा त्या माणसाला जास्त कळतं.

टेकाडाची वाऱ्याकडची बाजू चढायला असते: उतार कमी, रेती वाऱ्याने दाबलेली. पलीकडची बाजू भुसभुशीत, ३२ ते ३४ अंशांवर स्वतःच्या वजनाने थांबलेली. चढताना सरळ चढायचं, वर पोचता पोचता एक्सलेटर सोडायचा, पलीकडे बघायचं, मग सरळ उतरायचं. आडवं जायचं नाही. गाडी बाजूला घसरू लागली तर स्टिअरिंग उताराकडे आणि किंचित एक्सलेटर. ब्रेक मारला की उलटण्याची तयारी. चढ अर्ध्यावर राहिला तर वळवायची नाही, रिव्हर्स टाकून आलेल्याच खुणांवरून सरळ खाली यायचं आणि पुन्हा जोर घेऊन चढायचं. मालकांना हे दोन-तीनदा करावं लागलं आणि ते त्यात लवकर तयार झाले. पावसाळ्यात बैलगाडी वाटेवरून काढलेल्या माणसाला जोर कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा हे अंगात असतं.

सकाळी रात्रीच्या दवाने रेती घट्ट असते. ऊन चढलं की तीच रेती पायाखाली वाहू लागते. सकाळी १८ पीएसआयवर सहज ओलांडलेली टेकाडाची एक धार दुपारी गाडीने पार केली नाही. एक्सलेटर जरा लवकर सुटला आणि पोट धारेवर टेकलं, चारही चाकं हलकी. जिप्सी खालून ओढू शकत नव्हती. मग नेमकं काम सुरू झालं: चाकांची नाही, आधी पोटाखालची रेती काढायची. गुडघ्यांवर बसून हाताने, कारण फावडं आत जात नव्हतं. खाली लटकलेली स्टेपनी रेतीत नांगरासारखी रुतलेली होती, तिच्या पुढे-मागे मोकळं केलं. टायर १४ वर आणले, मागच्या चाकांपुढे पट्ट्या खोचल्या, पहिल्या पट्टीवर चाक चढेपर्यंत एक्सलेटरला हात... म्हणजे पाय लावायचा नाही, नुसत्या क्लचवर सरकवायचं. गाडी पट्ट्यांवर चढली आणि धार ओलांडून घसरत खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून स्टेपनी डाल्यात उभी बांधली.

इंजिनाचा काटा दिवसभर मधल्या खुणेवर होता. जानेवारी होता म्हणून. हाच प्रवास एप्रिल-मे मध्ये कोणी विचारला तर मी नाही म्हणतो. आपल्या अंगाला ऊन सोसतं याचा अर्थ लो रेशोमध्ये (फोर-बाय-फोरच्या हळू पण जोरकस गिअरमध्ये) चढणाऱ्या इंजिनालाही सोसतं असा नाही.

परतल्यावर

गाडी परत आली तशी आधी आमच्याकडेच आली. मागचे ड्रम उघडले, आत रेतीचा थर, शू घासलेले पण चालण्याजोगे. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना नवं ग्रीस मारून जुनं रेतीसकट बाहेर काढलं. टायरची कड आणि रिमच्या मधे अडकलेल्या रेतीमुळे एका चाकाची हवा हळूहळू उतरत होती. टायर खोलून रिम साबणाच्या पाण्याने धुतला, थांबलं. पांढरं फडकं पुन्हा स्वच्छ पाइपात फिरवलं. पांढरंच निघालं, आणि मला या सगळ्या कामात सगळ्यात समाधान त्याचं झालं.

पुढच्या लोअर आर्मचा एक बुश ठोकत होता, तो बदलून अलाइनमेंट केलं. चासीच्या प्लेटा काढल्या. ऑल-टेरेन टायर गाडीवरच राहिले. पावसाळ्यात पांदणीत ते मड टायरइतके चालणार नाहीत हे मालकांना सांगितलं आहे, आणि जूनमध्ये जुने टायर दुसऱ्या रिमवर चढवून ठेवायचं ठरलं आहे. कॅरेट आता छोट्या हत्तीत जातात. बंपर-विंच एका माणसाने विचारलं होतं, पण कलम ५२ चं सांगितल्यावर त्याने फक्त विंच नेला, शेतात विहिरीवरची मोटर काढायला.

मालकांचा पुतण्या आता त्याची बोलेरो कॅम्पर घेऊन यायचं म्हणतो. ती फक्त मागच्या चाकांवर चालणारी. त्याला पहिलं काम दिलंय ते गेज विकत घ्यायचं. परवा चारही चाकं मोजली तर चार वेगळे आकडे निघाले, एकात तर ४४.